पिण्याच्या पाण्यातलं जास्तीचं फ्लोराइड कमी खर्चात कसं काढायचं, आणि फिल्टर संपलाय हे कसं ओळखायचं

एका घरात फिल्टर बसवून आठ-नऊ महिने झाले होते. पाणी नितळ, चवीला छान, घरातले सगळे खूश. मी सहज म्हणून दोन नमुने घेतले, एक फिल्टरच्या आधीचा आणि एक नंतरचा, फ्लोराइड तपासायच्या किटमधलं औषध मोजून टाकलं आणि दोन्ही नळ्या पांढऱ्या कागदासमोर शेजारीशेजारी धरल्या तर दोन्हींचा रंग तोच, तसाच पिवळा. म्हणजे फिल्टर कधीचाच संपलेला आणि घरातली दोन लहान मुलं ते पाणी "फिल्टरचं" म्हणून निवांत पित होती. कुणाची चूक म्हणावी? बसवणाऱ्याने कधी बदलायचं ते सांगितलं नव्हतं आणि फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही, त्यामुळे घरच्यांना कळायला काही मार्गच नव्हता. तेव्हापासून मला कुणी विचारलं की फ्लोराइडसाठी कुठलं मटेरियल चांगलं, तर मी आधी उलट विचारते, की मोजणार कसं? मटेरियल स्वस्तात मिळतं, खरं काम मोजण्यात आहे. म्हणून खाली फिल्टर कसा बनवायचा ते सांगतेच, पण मोजण्यावर जरा जास्त लिहिलंय, कंटाळा आला तरी तो भाग गाळू नका.

आधी थोडी पार्श्वभूमी. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १.५ मिलिग्रॅम आहे. भारतीय मानकात १ आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. मी स्वतः १ च्या खाली आणायचं असंच धरून चालते, कारण गरम हवेत माणूस पाणी जास्त पितो, म्हणजे फ्लोराइडही तेवढंच जास्त पोटात जातं. जास्त फ्लोराइडने मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे आणि मग तपकिरी डाग पडतात, आणि हे दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच होतं, म्हणजे जन्मापासून साधारण आठ वर्षांपर्यंत, नंतर पाणी बदललं तरी तो डाग जात नाही. प्रमाण बरंच जास्त असेल आणि वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं तर हाडं आणि सांधे आखडतात, पाठ वाकत नाही. १९३७ मध्ये तेव्हाच्या मद्रास प्रांतातल्या नेल्लोर भागात डॉक्टरांनी हा हाडांचा आजार नोंदवला होता, म्हणजे ही गोष्ट नवीन मुळीच नाही.

आता काय चालत नाही ते एकदा स्पष्ट करून टाकते, कारण यातच लोकांचे दिवस वाया जातात. उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट वाफ निघून जाते आणि उरलेल्या पाण्यात ते जरा वाढतंच. कापड, कॅण्डल, क्लोरीन, यूव्ही लाइट, यातल्या कशानेही जात नाही. साधा कोळसा, म्हणजे ज्याला ॲक्टिव्हेटेड कार्बन म्हणतात तोसुद्धा, नेहमीच्या पाण्यात जवळजवळ काहीच काढत नाही, तो चालायला पाणी लिंबाच्या रसाइतकं आंबट करावं लागेल. नुसता चुना टाकायचा का, असंही बरेच जण विचारतात. चुन्यातलं कॅल्शियम फ्लोराइडला धरून खाली बसतं हे खरंय, पण कॅल्शियम फ्लोराइड स्वतः पाण्यात थोडं विरघळतंच, त्यामुळे साधारण ८ मिलिग्रॅमच्या आसपास येऊन गाडी अडकते. आपल्याला हवंय १. म्हणून चुना हा प्यायच्या पाण्याचा उपाय नाही. आरओ आणि डिस्टिलेशन दोन्ही काढतात, पण आरओला वीज लागते आणि बरंच पाणी वाया जातं.

आणि फिल्टरच्या मागे लागायच्या आधी दुसरं पाणी आहे का ते बघा. एका बोअरला ४ असेल तर शेजारच्या उथळ विहिरीत ०.८ असू शकतं, खडकावर अवलंबून असतं. पावसाच्या पाण्यात फ्लोराइड जवळपास नसतंच. ३ मिलिग्रॅमच्या पाण्यात तेवढंच पावसाचं पाणी मिसळलं की झालं १.५, दोन भाग पावसाचं घातलं की झालं १. साठवायला स्वच्छ टाकी असेल तर याच्याइतका साधा उपाय नाही. शिवाय फ्लोराइड काढायचं ते फक्त प्यायच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्यातून, आंघोळीला आणि कपड्यांना तेच पाणी खुशाल वापरा, ते कातडीतून आत जात नाही. म्हणजे सहा माणसांच्या घराला दिवसाला २५ लिटर धरलं तरी पुरतं, आणि एवढ्यासाठी मोठं मशीन लागत नाही.

हे होतं कसं? अधिशोषण असा जड शब्द आहे, पण साधी गोष्ट आहे. काही पदार्थांच्या पृष्ठभागावर फ्लोराइड चिकटून बसतं. ॲल्युमिनियम, लोखंड, कॅल्शियम यांचे ऑक्साइड किंवा फॉस्फेट ज्यात आहेत त्या पदार्थांना फ्लोराइडची ओढ असते, ते स्वतःकडचा एक हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) सोडतात आणि त्या जागी फ्लोराइड घेतात. जागा मोजक्या असतात, एकदा भरल्या की भरल्या. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

मटेरियल कोणकोणती मिळतात आणि माझं मत काय, ते सांगते.

ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना. पांढरे बारीक दाणे, पाणी शुद्धीकरणाचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतात. यादीतलं हे सगळ्यात स्वस्त नाही, पण सगळ्यात भरवशाचं, कारण प्रत्येक पोतं साधारण सारखंच वागतं. पाण्याचा पीएच (आंबटपणाचा आकडा, ७ च्या खाली आंबट) ५.५ ते ६ असेल तर भारी चालतं, ८ च्या वर गेलं की दमतं. अडचण अशी की फ्लोराइडचं पाणी बहुतेक वेळा असतंच ७.५-८ च्या पुढे आणि बायकार्बोनेटने भरलेलं, म्हणून प्रत्यक्षात १ किलो ॲल्युमिना १ ते २ ग्रॅम फ्लोराइड धरतो असं समजून चाला, रिसर्च पेपरमध्ये आकडे बरेच मोठे दिसतात पण ते डिस्टिल्ड वॉटरमधले असतात.

हाडांचा कोळसा. जनावरांची हाडं हवा कमी ठेवून साधारण ४०० ते ५०० अंशाला भाजतात, मग कुटून चाळतात. हाडातलं कॅल्शियम फॉस्फेट फ्लोराइडला छान धरतं, आणि वर म्हटलेला साधा कोळसा वेगळा आणि हा वेगळा, नावात कोळसा आहे म्हणून गल्लत करू नका. केनियात नाकुरू भागात हे बरीच वर्षं वापरलं गेलंय. नीट भाजलेला असेल तर किलोमागे २ ग्रॅम किंवा त्याहून जास्तही धरतो. पण सगळं भाजण्यावर आहे. रंग काळा हवा. तपकिरी असेल तर कच्चा राहिलाय, आतली चरबी-मांस पूर्ण जळलेलं नाही आणि पाण्याला वास येणार. पांढरा झाला असेल तर जास्त भाजलाय, दिसायला स्वच्छ पण पकडण्याची ताकद गेलेली. माझी एक साधी तपासणी आहे, मूठभर दाणे धुऊन काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात रात्रभर ठेवायचे आणि झाकायचे, सकाळी झाकण काढल्याकाढल्या वास घ्यायचा आणि ग्लास उजेडाकडे धरायचा. कुबट वास किंवा पिवळसर झाक असली तर ती बॅच परत. आणि एक, हे हाडांचं आहे हे पाणी पिणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगा आणि त्यांची हरकत नसेल तरच वापरा. लपवून बसवलेला फिल्टर कळल्यावर दुसऱ्या दिवशी बंद पडतो, आणि विश्वास जातो तो वेगळाच.

वीट आणि जांभा दगड. श्रीलंकेत विटांच्या तुकड्यांतून पाणी खालून वर चढवणारे घरगुती फिल्टर वापरले गेलेत. कमी भाजलेल्या मातीच्या विटेत ॲल्युमिनियम आणि लोखंडाचे ऑक्साइड उघडे असतात, तेच काम करतात, खूप कडक भाजलेली वीट उपयोगाची नाही. जांभ्याचंही तसंच, तो लाल दिसतो तो लोखंडामुळे. दोन्ही फुकटात किंवा जवळपास फुकटात मिळतात, पण पकडण्याची ताकद ॲल्युमिनाच्या मानाने फारच कमी, त्यामुळे पाण्यात २ च्या आसपास फ्लोराइड असेल तरच नाद करा. ५-६ असेल तर दर थोड्या दिवसांनी पिंप रिकामं करून भरत बसाल आणि एक दिवस कंटाळून सोडून द्याल.

बिया, पाला, टरफलं. चिंचोके, शेवग्याच्या बिया, कडुलिंबाचा पाला, भाताची तुसं, याच्यावर ढीगभर पेपर आहेत आणि व्हिडिओ तर विचारू नका. बऱ्याच प्रयोगांत पाणी आंबट केलेलं असतं, वेळ मोजून दिलेला असतो, आणि पाला पाण्यात कुजतो, रंग सोडतो, जंतूंना खायला मिळतं. घरात रोज प्यायच्या पाण्यासाठी मी हे कुणालाही सुचवत नाही.

तुरटी चढवलेला कोळसा. हा घरी करून बघण्यासारखा प्रकार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कल्पना अशी की साधा कोळसा फ्लोराइड धरत नाही पण त्याला भोकं भरपूर असतात, त्या भोकांत ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड बसवायचं, ते धरतं. लाकडी कोळसा कुटून जाड रव्यापासून साबुदाण्यापर्यंतच्या दाण्यांचा चाळून घ्या, १ किलो. पूड फेकून द्या. भरपूर धुवा. मोठ्या प्लास्टिकच्या बादलीत, ॲल्युमिनियमच्या पातेल्यात अजिबात नाही, ५ लिटर कोमट पाण्यात ५०० ग्रॅम तुरटी पूर्ण विरघळवा आणि कोळसा त्यात एक दिवस बुडवून ठेवा. आधी कोळसा तरंगेल, बुडबुडे सोडत सोडत हळूहळू खाली बसेल, अधूनमधून काठीने ढवळा. दुसऱ्या दिवशी साधारण २६० ग्रॅम खायचा सोडा घ्या आणि चमचा-चमचा टाकत ढवळत राहा. एकदम ओतलात तर सगळं फसफसून बादलीबाहेर येईल, कारण भरपूर कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणून बादली निम्मी रिकामीच हवी आणि खिडकी उघडी. फेस येतो, बसतो, मग पुढचा चमचा. पाणी दुधाळ होत जातं, कोळशावर पांढरट लोण्यासारखा थर दिसतो, तोच आपल्याला हवाय. शेवटी पीएच पट्टी बुडवून बघा, ६.५ ते ७ आला पाहिजे. सोड्याचा हिशोब स्फटिकासारख्या नेहमीच्या तुरटीचा आहे, पाणी शुद्धीकरणाच्या ज्या मातकट लाद्या येतात त्यांना सोडा जास्त लागतो, म्हणून वजनापेक्षा पट्टीचं ऐका. एक दिवस तसंच राहू द्या, वरचं पाणी ओता, सावलीत पसरून पूर्ण वाळवा. भट्टीत किंवा तव्यावर भाजू नका, जास्त उष्णतेने थराची ताकद कमी होते. वाळल्यावर परत धुवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत आणि जिभेला खारट लागणं बंद होईपर्यंत, मग परत वाळवा. एक अट मात्र आहे. याच्यातून येणारं पाणी प्यायच्या आधी लॅबमधून ॲल्युमिनियम आणि पीएच तपासून घ्या. ॲल्युमिनियम लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमच्या खाली आणि पीएच ६.५ ते ८ मध्ये हवा. थर सुटून पाण्यात येत असेल तर एक दुखणं घालवायला दुसरं घरात आणल्यासारखं होईल.

नालगोंडा पद्धतीचं नाव ऐकलं असेल, नागपूरच्या नीरी संस्थेने काढलेली, त्यात तुरटी आणि चुना थेट पाण्यात टाकून ढवळून गाळ खाली बसवतात. ती चालते, पण रोज मोजून टाकावं लागतं, गाळ सांभाळावा लागतो आणि फ्लोराइड जास्त असेल तर तुरटी इतकी लागते की पाण्यात सल्फेट आणि ॲल्युमिनियम उरतं. तो वेगळा विषय आहे, इथे थांबते.

आता मुद्द्याचं काम, बाटली टेस्ट. फिल्टर बांधायच्या आधी हे कराच, कारण तुमच्या पाण्यात हे मटेरियल किती धरतं ते दुसरं कुणी सांगू शकत नाही. पाण्यातलं बायकार्बोनेट, फॉस्फेट, सिलिका हे सगळे त्याच जागांसाठी भांडतात आणि ते दर विहिरीला वेगळं असतं. पाच-पाच लिटरचे पाच प्लास्टिक कॅन घ्या (काचेचे नको, फ्लोराइडचा नमुना प्लास्टिकमध्येच ठेवायचा), सगळ्यांत तेच पाणी भरा. चार कॅनमध्ये ५, १०, २० आणि ४० ग्रॅम धुऊन वाळवलेलं मटेरियल टाका, पाचव्यात काहीच नको, तो तुलनेसाठी. दिवसभर आठवण येईल तेव्हा हलवत राहा, २४ तासांनी बसू द्या, वरचं पाणी गाळून घ्या आणि मोजा. समजा मूळ पाण्यात ४ होतं आणि २० ग्रॅमवाल्या कॅनमध्ये १ उरलं. म्हणजे लिटरमागे ३ मिलिग्रॅम गेलं, ५ लिटरमधून १५ गेलं, ते २० ग्रॅमने धरलं, म्हणजे ग्रॅममागे ०.७५ मिलिग्रॅम. हाच तुमचा आकडा. ज्या कॅनमध्ये १ च्या जवळपास उरतंय त्याचाच आकडा घ्या, ५ ग्रॅमवाल्या कॅनचा आकडा मोठा येईल पण त्यातलं पाणी पिण्यासारखं झालेलंच नसतं, तो आकडा घेऊन हिशोब केलात तर फसाल.

मोजायचं कशाने? लॅबमध्ये आयन सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोड, म्हणजे पाण्यात बुडवून थेट फ्लोराइड मोजणारी कांडी असते, ती सगळ्यात चांगली. घरी किंवा गावपातळीवर रंग बदलणारं किट चालतं, बऱ्याच किटमध्ये फ्लोराइड नसेल तर गुलाबी आणि वाढत जाईल तसं पिवळं होतं. यात एक मेख आहे जी फार कमी लोक सांगतात. पाण्यात ॲल्युमिनियम किंवा क्लोरीन असेल तर रंगाचं किट गंडतं, आणि ॲल्युमिनियम तर फ्लोराइड असलेलं कमीच दाखवतं, कारण ते फ्लोराइडला धरून ठेवतं आणि रंगापर्यंत पोचू देत नाही. म्हणजे तुरटी किंवा ॲल्युमिना वापरलंय आणि किट म्हणतंय ०.५, तर लगेच खूश होऊ नका, सुरुवातीला एक-दोन नमुने लॅबमध्ये इलेक्ट्रोडवर ताडून बघा. क्लोरीन टाकलेलं पाणी किटने तपासायचं असेल तर नमुना क्लोरीन टाकायच्या आधीचा घ्या.

फिल्टर बांधणं. बादलीपेक्षा मला उंच पाईप आवडतो. बादलीत पाणी कडेकडेने वाट काढून निघून जातं आणि मधलं मटेरियल तसंच राहतं, पाईप उंच आणि अरुंद असल्यामुळे पाण्याला सगळ्यातून जावंच लागतं. १५ सेंटिमीटर व्यासाचा, १ मीटर उंच, पिण्याच्या पाण्याला चालणारा पीव्हीसी पाईप घ्या, खाली पक्कं झाकण, तळाशी आत येणारा नळ, वरच्या टोकाजवळ बाहेर जाणारा नळ. पाणी खालून वर चढवायचं, म्हणजे मटेरियल कायम बुडालेलं राहतं, हवेचे फुगे अडकत नाहीत आणि कचराही तळाशी राहतो. तळाला १० सेंटिमीटर धुतलेली बारीक खडी, त्यावर नायलॉनची जाळी, त्यावर ७० सेंटिमीटर मटेरियल, त्यावर परत जाळी आणि थोडी खडी. एवढ्या जागेत साधारण १२ लिटर, म्हणजे ८ ते १० किलो मटेरियल बसतं. दाणे अर्धा ते दीड मिलिमीटरचे ठेवा, बारीक असेल तर तुंबतं, जाड असेल तर फ्लोराइडला आतपर्यंत जायला वेळ मिळत नाही. भरायच्या आधी धुणं महत्त्वाचं, ॲल्युमिना धुताना पहिलं पाणी चक्क ताकासारखं निघतं, पाचव्या-सहाव्या वेळेला हाताची रेघ तळाशी दिसायला लागते, तोपर्यंत धुवायचं. भरताना पाईपमध्ये आधी अर्धं पाणी घ्या आणि मटेरियल त्यात हळूहळू सोडा, कोरडं भरलं तर हवा आत अडकते.

कच्च्या पाण्याची टाकी पाईपच्या डोक्यापेक्षा वर ठेवा आणि तळाच्या नळाने धार बारीक करा. किती बारीक? १ लिटरची बाटली भरायला ३ मिनिटं लागली पाहिजेत. म्हणजे तासाला २० लिटर, आणि पाणी मटेरियलजवळ अर्ध्या तासाहून जास्त राहतं. घाईत कुणीतरी नळ मोठा करतंच, आणि मग मटेरियल चांगलं असूनही फ्लोराइड तसंच पार होतं, म्हणून नळावर खूण करून ठेवा किंवा तो चिकटपट्टीने बांधूनच टाका. पहिलं ४० लिटर पाणी टाकून द्या.

आता किती दिवस चालेल त्याचा हिशोब. ९ किलो मटेरियल, ग्रॅममागे ०.७५, म्हणजे एकूण ६७५० मिलिग्रॅम धरण्याची ताकद. लिटरमागे ३ मिलिग्रॅम काढायचं, म्हणजे ६७५० भागिले ३, २२५० लिटर. दिवसाला २५ लिटर तर ९० दिवस. हा आकडा पाईपवरच मार्करने लिहा, सुरू केल्याची तारीख आणि बदलायची तारीख. शेजारी एक वही टांगा. पहिल्या दिवशी तपासा, आठवड्याने तपासा, मग दर १५ दिवसांनी, आणि ६० दिवस झाले की दर आठवड्याला. असं का, तर फ्लोराइड सावकाश वाढत नाही, बरेच दिवस ०.२-०.३ वर शांत राहतं आणि मग थोड्याच दिवसांत भराभर चढतं. १ दिसला की थांबायचं, "अजून थोडे दिवस चालवू" करायचं नाही. भरलेला फिल्टर तर कधीकधी जास्तच घातक, पाणी बदललं, पीएच वाढला किंवा फ्लोराइड कमी असलेलं पाणी आलं की चिकटलेलं फ्लोराइड सुटून परत पाण्यात येतं. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात त्याच बोअरचा आकडा बदलतो, त्यामुळे कच्चं पाणीही वर्षातून दोनदा तरी तपासा.

जमलं तर दोन पाईप एकामागे एक लावा आणि मध्ये एक छोटा नळ ठेवा. पहिल्यातून निघणारं पाणी १ च्या वर गेलं तरी दुसरा सांभाळून घेतो, आणि पहिला पूर्ण भरेपर्यंत वापरता येतो. मग पहिल्यातलं मटेरियल बदलायचं आणि क्रम उलटा करायचा, जुना दुसरा पुढे, ताजा मागे. शाळेसाठी किंवा वस्तीसाठी करत असाल तर एकच पाईप लावूच नका. मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट हीच आहे, की तपासणीला चार दिवस उशीर झाला तरी मुलांच्या ग्लासात काही जात नाही.

हे मटेरियल जंतू मारत नाही, उलट पाणी साचून राहिलं तर आत वाढतात. गावाला जाऊन आलात तर आधी पाईपभर पाणी, १५-२० लिटर, टाकून द्या. आणि उकळायचं किंवा क्लोरीन टाकायचं ते फिल्टरनंतर.

संपलेल्या ॲल्युमिनाला कॉस्टिक सोड्याने धुऊन परत वापरता येतं, मग ॲसिडने पीएच खाली आणतात. घरात हे करू नका. कॉस्टिक डोळ्यात उडालं तर डोळा जातो, आणि धुतलेल्या त्या पाण्यात फ्लोराइड प्रचंड असतं, ते नालीत किंवा विहिरीच्या बाजूला ओतलं तर जिथून काढलं तिथेच परत. दहा-वीस घरांचं मिळून एखाद्या शिकलेल्या माणसाने हातमोजे-चष्मा घालून एका जागी करावं, आणि त्या पाण्यात चुना टाकून फ्लोराइड गाळाच्या रूपात खाली बसवावं, वर म्हटला तो चुना इथे कामाला येतो. घरच्या मटेरियलचं सोपं आहे, संपलं की पोत्यात भरून विहीर-बोअरपासून लांब, मुलं खेळत नाहीत आणि पाणी साचत नाही अशा उंच जागी खड्ड्यात पुरा, आणि वहीत नवीन पान उघडून नवीन तारीख टाका.